वासाबद्दल तक्रार नाही

दूध उतू गेलं आणि शेगडी विझली, एवढंच झालं. दीपमाला ओट्याकडे पाठ करून खाली बसली होती, पुढ्यात मेथीची जुडी होती, आणि पानं खुडताना ती कसला विचारही करत नव्हती. शेजारची तबस्सुमभाभी दार ढकलून आत आली ती तोंडाला ओढणी लावूनच. दीपमालाकडे न बघता ती सरळ ओट्याशी गेली, शेगडीचं बटण बंद केलं, वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला, खिडकी उघडली आणि मगच वळून म्हणाली, "दीपाताई, केव्हाचा गॅस सुटलाय. पार जिन्यापर्यंत वास येतोय. तुम्ही इथंच बसलात आणि कळलं नाही?" दीपमाला म्हणाली, "कसला वास?" भाभीला वाटलं चेष्टा आहे. ती हसली, मग दीपमालाच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. "सर्दी झालीय का?" "नाही." बर्नरभोवती दूध करपून तपकिरी झालं होतं, ते दीपमालाला दिसत होतं. करपलेल्या दुधाचा वास कसा असतो ते तिला माहीत होतं. पण समोरच्या त्या तपकिरी डागातून तिच्यापर्यंत काहीही पोचत नव्हतं, जणू ते दूध काचेपलीकडे सांडलं होतं. "लाइट लावू नका हां थोडा वेळ," भाभी म्हणाली आणि जाताना दार सताड उघडं ठेवून गेली.

दुपारभर ती घर हुंगत फिरली. आधी लसूण ठेचून नाकाशी धरला. मग हिंगाची डबी, मोरीतलं फिनेल, देवापुढची उदबत्ती, खुंटीवरचा भारतचा घामट शर्ट. शेवटी तिने तळहातावर थोडं रॉकेल ओतून घेतलं. ते पाण्यापेक्षा जरा जास्त गार लागलं, बाकी काही नाही. तळहात नाकाशी धरून ती उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदा जे वाटलं ते भीतीसारखं नव्हतं. घरात कोणीतरी शिरावं, एक वस्तू उचलावी, बाकी सगळं होतं तसं नीट लावून ठेवावं आणि आपल्याला ते वर्षानुवर्षं कळूच नये, तसा तो संताप होता. कधी गेलं हे? तिने आठवायचा प्रयत्न केला. लग्नात केसांत मोगरा होता, त्याचा वास आला होता का? मोगऱ्याला वास असतो ही माहिती होती. माहिती आणि वास यांच्यातला फरक आपल्याला सांगता येत नाही हे लक्षात आल्यावर ती खुर्चीत बसली. म्हणजे इतकी वर्षं ती वासाच्या जागी नुसती माहिती घेऊन चालली होती. फोडणी जळाली की धूर बघून ओळखायची, भाजी आंबली की जिभेवर ठेवून. भारत म्हणायचा, तू चव घेऊन बघतेस तशी माझी आईसुद्धा बघत नाही. आणि ती त्याला कौतुक समजत होती.

भारत प्रेसमधून आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो चपला काढता काढता म्हणाला, "वयाबरोबर होतं असं कधीकधी." ती छत्तीस वर्षांची होती. "डॉक्टरला दाखवू," तो म्हणाला, आणि त्याने दाखवलंही, तो वाईट माणूस नव्हता. नाकाच्या डॉक्टरांनी तिच्या नाकपुड्यांत दिवा टाकून पाहिलं, डोळे मिटायला सांगून एकेक बाटली पुढे धरली आणि ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. "लहानपण कुठं गेलं?" त्यांनी विचारलं. नाशिकरोडच्याच पलीकडे, ती म्हणाली, सिन्नर फाट्यावरून आत, आमचा फुलांचा मळा होता, शेजारी कोकचा कारखाना आहे. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. मग म्हणाले, "हे आता परत येणार नाही. कशामुळे गेलं, ते मात्र कोणी सांगू शकणार नाही. एखाद्या जोराच्या सर्दीनेही जातं." ते थांबले होते हे तिने पाहिलं होतं. त्या थांबण्याचा तिला इतका राग आला, की बाहेर येऊन रिक्षात बसल्यावरही ती भारतशी बोलली नाही.

कारखाना आला तेव्हा ती शाळेत शेवटच्या वर्षाला होती. त्याआधी तिथे माळ होता आणि माळाच्या खाली त्यांची शेवंती. तिचे वडील खंडेराव, ज्यांना ती अण्णा म्हणे, पहाटे फुलं तोडून नाशिकच्या फूलबाजारात नेत, आणि पाटी न उघडताच नुसत्या वासावरून सांगत, ही कालची आहेत, ही आजची. मग माळावर विटांच्या भट्ट्यांची लांबच लांब रांग उभी राहिली. कोळसा बंद भट्ट्यांत भाजायचा, त्यातून निघणारा वायू नि डांबर वेगळं काढायचं आणि उरलेला टणक कोक ओतकामाच्या कारखान्यांना पाठवायचा, असं तिथले साहेब गावाला समजावून सांगत. लाल झालेला कोक भट्टीतून बाहेर ढकलला की त्याच्यावर पाणी मारत, आणि पांढराशुभ्र ढग उठून गावावर यायचा. तो ढग तिला तेव्हा सुंदर वाटला होता. आज ती आठवण येताच तिला स्वतःच्या त्या वयाच्या डोळ्यांचीसुद्धा चीड आली. पहिलं वर्ष सगळ्या गावाला वास यायचा. सडक्या अंड्यांचा, डांबराचा, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा, एकावर एक. शाळेत पोरं ओकायची. ठमाबाई, तिची आई, भाकरीवर दोन फडकी झाकायची. गावातली माणसं कारखान्याच्या फाटकाशी जाऊन ओरडून आली होती, अण्णाही गेले होते. आणि मग हळूहळू वास कमी झाला. हे तिला अगदी स्वच्छ आठवत होतं. अण्णा अंगणात बसून म्हणाले होते, "आता बरं हाय. ओरडलो त्याचा उपयोग झाला. यंत्र बसवलं असंल त्यांनी." आई म्हणाली होती, "बसवलंच असंल." गावाने साहेबांना गणपतीत आरतीला बोलावलं होतं.

फ्लॅटच्या बंद खिडकीपाशी उभी राहून दीपमाला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होती. यंत्र बसवलं असंल. ढग तसेच येत होते. शेवंतीच्या पाकळ्यांवर काळे ठिपके पडत होते, बाजारातले व्यापारी पाटी परत पाठवत होते, विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. डोळ्यांना सगळं दिसत होतं, पण नाकाने सांगितलं होतं की सुधारलं, आणि माणसं नाकावर विश्वास ठेवून बसली. फुलं जाईनात तेव्हा अण्णा त्याच भट्टीवर कामाला लागले. फुप्फुसाचा कॅन्सर होऊन ते अठ्ठ्याण्णव साली गेले. कारखान्याच्या डॉक्टरने एकच प्रश्न विचारला होता, "तंबाखू खायचे का?" चंदर, तिचा धाकटा भाऊ, खरं बोलणारा, हो म्हणाला. गावात तंबाखू कोण खात नव्हतं? डॉक्टरने मान हलवली आणि विषय संपला. चंदरला अण्णांच्या जागी घेतलं, पण भट्टीवर नाही, खाली फाटकाजवळ वजनकाट्यावर, आणि याबद्दल सगळं घर साहेबांचं ऋणी होतं.

पुढच्या रविवारी ती एकटी माहेरी गेली. चंदर कामावर होता. आई अंगणात शेंगा सोलत बसली होती आणि चंदरची बायको शुभांगी, सटाण्याकडची, चुलीशी होती. दीपमालाने पिशवीतून लसणाची कुडी काढली, ठेचली आणि आईच्या नाकाशी धरली. "कसला वास येतो सांग." ठमाबाईने तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "मला कुठं वास येतोय आता. लय वर्सं झाली. म्हातारपण हाय." "किती वर्षं?" "तुझं लगीन व्हायच्या आदीपासून असंल." "तेव्हा तू म्हातारी होतीस, आई?" ठमाबाई शेंगा सोलायची थांबली. "मग सांगितलं का नाहीस?" दीपमाला म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू आलं. आई शांतपणे म्हणाली, "त्यात काय सांगायचं? वासावाचून काय अडतं बाईमाणसाचं?" या वाक्यावर ओरडावं की रडावं हे तिला कळेना. तेवढ्यात चुलीपासून शुभांगी बोलली. "ताई, मी लगीन करून आले ना, तवा मला रोज उलट्या व्हायच्या. सगळे हसायचे मला. सासूबाई म्हणायच्या, कसला वास, इथं कुठं वास शे? मला खिजवायला माझ्या अहिराणीत बोलायच्या. चंदर म्हणायचे, पोटुशी असशील. मी माहेरी गेले की बरी व्हायचे. मग उलट्या थांबल्या आपोआप. सवय झाली असं वाटलं मला." ती हात पुसत बाहेर आली, दीपमालाच्या हातातला ठेचलेला लसूण स्वतःच घेतला, नाकाशी धरला आणि तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते दीपमालाने आठवड्यापूर्वी स्वतःच्या आरशात पाहिलं होतं.

मग त्या दोघींनी गोदूला हाक मारली. गोदू चंदरची मुलगी, सात वर्षांची. तिचे डोळे ओढणीने बांधले आणि लसूण धरला. "लसूण," ती कंटाळून म्हणाली. हळद धरली. "हळद. आत्या, हा काय खेळ आहे?" शुभांगीने तिच्या डोळ्यांवरची ओढणी सोडली. गोदूला येत होतं. अजून येत होतं. दीपमाला म्हणाली, "तुला बाहेर कसला वास येतो का ग?" "घाणेरडा येतो," गोदू म्हणाली. "आजी म्हणते, खोटं बोलू नको."

चंदर संध्याकाळी आला तेव्हा दीपमाला त्याच्याशी नीट बोलायचं ठरवून बसली होती. गोदूला माझ्याकडे पाठव, ती म्हणाली, नाशिकरोडला शाळा आहे, दर रविवारी भेटायला येत जा. तो ऐकत राहिला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "पुढच्या महिन्यात जनसुनावणी हाय, ताई. भट्ट्यांची दुसरी रांग टाकायचीय. साहेबांनी सांगितलंय, घरच्यांना घेऊन पुढं बसा. आणि तू आजच हे घेऊन आलीस." "मग मीही येते सुनावणीला." "तू यायचं नाय." "का?" "कारण तू तिकडं फ्लॅटात राहतीस. इथं आमाला राहायचंय." "राहून काय होतंय ते दिसत नाही तुला?" तो उठला, घागरीतलं पाणी प्याला, आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तुला पोर नाय म्हणून माझी पोर पायजे तुला. सरळ सांग ना तसं." शुभांगी आतून "अहो" म्हणाली. ठमाबाई शेंगांची टरफलं गोळा करत राहिली. दीपमालाने पिशवी उचलली. वस्तीपासून फाट्यापर्यंत ती चालत आली, आणि सगळ्या रस्त्यात तिचा राग एका जागी ठरेना. कधी तो चंदरवर जाई, कधी आईच्या त्या शांत तोंडावर, कधी मेलेल्या अण्णांवर, जे वासावरून फूल ओळखायचे. ज्या पांढऱ्या कपड्यातल्या साहेबांवर तो जायला हवा होता, त्यांचे चेहरेच तिच्या डोळ्यांपुढे येत नव्हते. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलत, लक्षात राहील इतका एकही चेहरा टिकला नव्हता. टिकला होता तो ढग. आणि आपण मात्र एकमेकांची तोंडं ओरबाडतोय, तिला वाटलं, कारण हाताशी तीच आहेत.

सुनावणीला तिच्याबरोबर भारत आला नाही. "बोलून काय होणार आहे? त्यांचं ठरलेलं असतं," तो म्हणाला. हे बहुधा खरं होतं, तरी तिने पायांत चपला घातल्या. कारखान्याच्या आवारातच मांडव घातला होता. पुढे चंदर आणि कामगारांची कुटुंबं, मागे गाव, व्यासपीठावर जिल्ह्याहून आलेले अधिकारी आणि कारखान्याचे दोन साहेब. चहा फिरत होता. दीपमाला बायकांच्या कडेला उभी राहिली. शुभांगीने तिला पाहिलं आणि मान वळवली. ठमाबाईने वळवली नाही. कारखान्याच्या साहेबांनी भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली, नवीन चिमणी किती उंच, झाडं किती लावणार. त्यांचं बोलणं चालू असतानाच पलीकडे कोक बाहेर ढकलला गेला, पाण्याचा फुत्कार आला, आणि ढग उठून मांडवावर उतरला. लोक तसेच बसून होते. कोणी शेंगा खात होतं, कोणी तान्ह्याला पाजत होतं. व्यासपीठावर मात्र हालचाल झाली. मधल्या अधिकाऱ्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. शेजारच्या बाईंनी पदर लावला. कारखान्याच्या साहेबानेसुद्धा तोंड जरा बाजूला केलं. आणि रुमालाआडून, तोंडाने श्वास घेत, मधले अधिकारी पुढचा मुद्दा सांगू लागले, की गेल्या दहा वर्षांत शेजारच्या वस्तीतून वासाबद्दल एकही तक्रार आलेली नाही.

दीपमाला चालत पुढे गेली. माइक धरलेल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि का कोण जाणे तो तिला देऊन टाकला. तिने घरी बरंच घोकलं होतं, अण्णांबद्दल, तंबाखूबद्दल, डॉक्टरांबद्दल. त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही. "साहेब," ती म्हणाली, "तुम्ही नाकाला रुमाल का लावलाय?" अधिकाऱ्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी रुमाल खाली घेतला. सभ्य गृहस्थ होते, गोंधळले. "थोडा वास आहे," ते म्हणाले. "कसला?" "गंधकाचा असावा. सडक्या अंड्यासारखा." हे त्यांच्या पुढ्यातल्या माइकमधून सगळ्या मांडवाने ऐकलं. दीपमाला लोकांकडे वळली. "तुमच्यापैकी कोणाला येतोय आत्ता?" लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या रांगेतले पुंजाराम, गावातले सगळ्यांत वयस्क, डोकं वर करून दोनदा हुंगून म्हणाले, "नाय बा. आज तर हवा चांगली हाय." मांडव हसला. मग ते हसू मागच्या रांगांपासून विझत पुढे आलं. पुंजारामांच्या लक्षात सगळ्यांत शेवटी आलं. त्यांनी व्यासपीठावरच्या बाईंच्या नाकावरचा पदर पाहिला आणि स्वतःच्या नाकाला बोट लावलं. कारखान्याचा साहेब उठून म्हणाला, "बाई इथल्या रहिवासी नाहीत, ही बाहेरची माणसं—" आणि तेव्हा बायकांमधून शुभांगी उभी राहिली. माइकशिवायच ती म्हणाली, "मी इथली आहे. मला वास यायचा. नवी होते तवा यायचा. आता नाही येत. माझ्या मुलीला येतो अजून." ती बसली. चंदर पुढच्या रांगेत खाली मातीकडे बघत होता.

पुढे जे झालं ते भारत म्हणाला होता तसंच झालं. दुसऱ्या रांगेला वर्षभराने परवानगी मिळाली. वासासंबंधीचा मुद्दा उपस्थित झाल्याचं नोंदलं गेलं आणि आवाराच्या कडेने सुवासिक झाडं लावावीत अशी अट पडली. गावात आरोग्य शिबिर झालं, त्यात डोळे तपासले, साखर तपासली. नाक कोणी तपासलं नाही. एवढं मात्र झालं की गावातल्या बायका लेकरांना धरून लसूण हुंगायला लावू लागल्या. दोन कुटुंबं घरं सोडून देवळ्याकडे नातेवाइकांत गेली. सुनावणीनंतर चंदरने बहिणीशी बोलणं सोडलं. दिवाळीत भाऊबीजेला तो आला नाही. ओवाळायचं ताट तिने भरलंच नव्हतं. आपल्याला वाईट वाटावं अशी ती वाट पाहत होती, पण राग तिथे इतका ऐसपैस बसला होता की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. स्वयंपाक करताना, भारतचे डबे भरताना, तबस्सुमभाभीशी गच्चीवर बोलताना तो बरोबर असे. पूर्वी ती रागाला घाबरायची. आता तिला वाटे, एवढं एकच त्यांना नेता आलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एका सकाळी बेल वाजली. दारात चंदर होता, आणि त्याच्याजवळ गोदू, वेणी घट्ट बांधलेली, हातात कपड्यांची पिशवी. दीपमाला बाजूला झाली नाही. तोही आत आला नाही. "हिचं नाव इकडच्या शाळेत घाल," तो म्हणाला. "शुभांगी ऐकत नाय." "आणि तू?" "मला वर टाकलंय. भट्टीवर." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "अण्णा होते तिथं. सुनावणीनंतर टाकलं." ते तिच्यामुळे झालं असं तो म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिला त्याचा दंड धरून आत ओढावं असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत मारावी असं. "सोड ते काम, चंदर," ती म्हणाली. "सोडून काय करू? शेवंती लावू त्या मातीत?" माफी मागावी असं तिच्या मनात आलंच नाही, आणि त्याने मागावी असंही नाही. दोघांपैकी कोणाकडेच ती देण्याची गोष्ट नव्हती. तिने गोदूच्या हातातून पिशवी घेतली. "चहा घे," ती म्हणाली. "कामाची पाळी हाय," तो म्हणाला, आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून वळला.

तो जिना उतरू लागला तेव्हा तिला त्याच्या पायांकडे बघावं लागलं, कारण आवाज चपलांचा नव्हता. त्याने लाकडी तळ ठोकलेल्या जाड वहाणा घातल्या होत्या. प्रत्येक पायरीवर लाकूड आपटत होतं, एक मजला, मग दुसरा, मग फरशीवर, मग काही नाही. तबस्सुमभाभीने दार उघडून काय झालं म्हणून पाहिलं. गोदू कठड्याला धरून खाली बघत होती. "आत्या, बाबांनी तसल्या चपला का घातल्या?" दीपमालाने तिला आत घेतलं, दार लावलं, आणि समोर बसवलं. लहान मुलीला काय सांगायचं, काय नाही, याचा ती क्षणभर विचार करणार होती. मग तिने तो केला नाही. "भट्टीवर उभं राहिलं की साधी चप्पल वितळते," ती म्हणाली, आणि माळावर विटांची रांग उभी राहिली तिथपासून सुरुवात करून तिने तिला सगळं सांगितलं, नावांनिशी, काहीही न गाळता.